डावीकडून, मग उजवीकडून

ओहोटी लागायच्या आत निघायचं, असं बेलिसारिओनं
लाँच बांधतानाच बजावलं होतं.
चिलोएच्या या टोकाला महिन्यातून एकदाच येणं होतं.
आज सहा मुलं. पाच झाली.

पिशवीत दहा लाल ठोकळे
(एक हरवला होता, सुताराकडून नवा करून घेतला,
तो जरा जास्तच लाल),
दोरीला बांधलेलं कडं, प्लास्टिकचा चमचा,
आणि पितळी घंटी,
जिची जीभ मी वाटेत कापसात गुंडाळते,
नाहीतर नर्स आली हे अख्ख्या बेटाला कळतं.

सहावी आयलेन. आठ महिने, चार दिवस.
मारिसेलनं तिला धुऊन, भांग पाडून आणलंय.
नव्या लोकरी मोज्यांना बटाट्याच्या वाफ्यातली माती लागू नये
म्हणून तिचे पाय स्वतःच्या कोटात धरलेत.
ही परीक्षा नाही, मी सांगते.
कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या हातात पेन असतं.

बसते का? बूड टेकून, घट्ट.
कडं ओढते? ओढते, आणि दोरीसकट तोंडात.
ठोकळा या हातातून त्या हातात? हो,
वर तिसराही हवा,
आणि हात दोनच निघाले म्हणून रागावते.
मी भराभर खुणा करत जाते.
चुलीत ओलं लाकूड फुसफुसतंय.

मग घंटी.
मूल आईच्या मांडीवर, तोंड आईकडे.
आपण मागे, दिसणार नाही असं.
डावीकडून, मग उजवीकडून.
मान वळली तर खूण.

वळली.
उजवीकडेही वळली.
पेन कागदाला टेकलंसुद्धा होतं.

पण किंचित आधी.
घंटी वाजायच्या किंचित आधी वळली होती.

पुन्हा मागे गेले. घंटी उचलली
आणि वाजवलीच नाही.
आयलेन वळली. हसली. दोन दात.

मारिसेलचे डोळे माझ्या हाताबरोबर फिरत होते
आणि पोरगी ते डोळे वाचत होती.
यात लबाडी नव्हती. कुठलीही आई बघेल
तशीच बघत होती ती.
आठ महिने दोघींचं असंच चाललं असणार:
दार, कुत्रा, साल्मनच्या पिंजऱ्यांवरून परतलेला बाप,
सगळं आधी आईच्या चेहऱ्यावर उमटायचं
आणि तिथून हिला कळायचं.

मी कार्ड उलटं केलं.
जन्माच्या रात्री वादळ, वीज नाही.
'कानांची तपासणी पुढच्या खेपेला.'
अक्षर माझंच.

"मारिसेल," मी म्हटलं, "डोळे मिट."
का, असं तिनं विचारलं नाही.

वाजवली. डावीकडून.
आयलेन मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली.
उजवीकडून. जोरात.
बाहेर कुत्रा भुंकायला लागला,
धक्क्यावरून बेलिसारिओ ओरडला, "पाणी चाललं, बाई!"
आयलेननं हात लांब केला
आणि एका बोटानं आईची पापणी उचलून बघितलं,
आत आहे का कुणी.

मारिसेल डोळे उघडेना.
ऐकू तर तिला येतच होतं:
घंटी,
आणि घंटीनंतर मांडीवर काहीच न हललेलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.
मी वाजवली.
"अजून."

फॉर्मवर चौकोन दोन. वळते. वळत नाही.
मी दुसरा भरला, खाली लिहिलं: कास्त्रोच्या इस्पितळात, ताबडतोब.
'ताबडतोब'खाली रेघ मारली.
रेघ मारायला काय जातं.

लाँच सुटल्यावर लक्षात आलं,
कापूस लावायचा राहिला.
प्रत्येक लाटेला पिशवीत वाजत होती ती.
धक्क्यावर मारिसेल, पोर कडेवर, पाठ समुद्राकडे.
तिला आवाज गेला असावा.
वळून तिनं आमच्याकडे बघितलं

आणि आयलेन वळली.